आत्ममग्नतेच्या इतिहासातील टीका आणि नोंद : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात काही विचार

यवतमाळ जिल्ह्याच्या गेल्या चाळीस वर्षांच्या सार्वजनिक जीवनाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकास तक्रारींची उणीव भासत नाही. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९८६ मध्ये सहकुटुंब मृत्यूला कवटाळले. शेतकऱ्याची पहिली जाहीर आत्महत्या म्हणून ही घटना आज सांगितली जाते. पुढे अमरावती विभागाच्या आयुक्तालयात २००१ पासून अशा मृत्यूंची जिल्हावार नोंद होऊ लागली. तीत ‘पात्र’, ‘अपात्र’ आणि ‘चौकशीसाठी प्रलंबित’ असे रकाने पडले. विदर्भ जनआंदोलन समितीसारख्या संघटना स्वतःची निराळी यादी ठेवीत, आणि या दोन याद्यांतील तफावत हेच त्यांच्या टीकेचे मुख्य साधन असे. २०१७ च्या पावसाळ्यात कीटकनाशकांच्या फवारणीमुळे जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली. तेव्हाही यवतमाळच्या वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयातील रुग्णांच्या नोंदी आणि पोलिसांचे कागद यांच्या आधारावरच ५१ शेतकऱ्यांची तक्रार २०२० मध्ये थेट स्वित्झर्लंडपर्यंत गेली. तात्पर्य, या जिल्ह्यातील माणूस मुका नाही. मात्र त्याच्या तक्रारीला जेव्हा जेव्हा वजन आले, तेव्हा तेव्हा तिच्यामागे कोणीतरी केलेली नोंद होती.

या पार्श्वभूमीवर एक गोष्ट लक्षात येण्याजोगी आहे. आत्ममग्नता अथवा स्वमग्नता या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या अवस्थेभोवती गेल्या पाऊणशे वर्षांत जगभर जितका कडवा वाद झाला, तितका बालवैद्यकातील अन्य कोणत्याही विषयाभोवती क्वचितच झाला असेल. थोर डॉक्टर, गाजलेले लेखक, धनाढ्य संस्था, मंत्री यांपैकी कोणीही या वादातून सुटले नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या सार्वजनिक तक्रारींच्या या लांबलचक इतिहासात मात्र या विषयाला जागा मिळालेली नाही. हे मौन समाधानाचे आहे असे मानण्यास काहीच आधार नाही. ते मौन कशाचे आहे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न होय. आणि त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी इतरत्र टीका कशाच्या बळावर उभी राहिली हे पाहणे अगत्याचे आहे.

‘ऑटिझम’ हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास छिन्नमनस्कतेच्या एका लक्षणासाठी योजिला. तो बालकांच्या एका स्वतंत्र अवस्थेस चिकटला तो बाल्टिमोर येथील लिओ कॅनर यांच्या १९४३ च्या निबंधामुळे. त्यात अकरा मुलांचे वृत्तान्त होते. त्यांपैकी पहिल्या मुलाच्या वडिलांनी कॅनर यांच्याकडे ३३ पृष्ठांचे टंकलिखित टिपण आधीच पाठविले होते. म्हणजे या शास्त्राचा आरंभ एका पित्याने आपल्या मुलाविषयी लिहून ठेवलेल्या नोंदीतून झाला. परंतु पुढे जे घडले ते विलक्षण आहे. ही अवस्था जन्मजात असावी असे त्याच निबंधात सुचविणाऱ्या कॅनर यांनी, आईबापांच्या अशा तपशीलवार दैनंदिन्या हा त्यांच्या अति-काटेकोर स्वभावाचाच पुरावा होय, असेही त्यातच म्हटले. १९४९ मध्ये तर त्यांनी या मुलांच्या घरातील वातावरणास शीतकपाटाची उपमा दिली. ज्याने नोंद केली त्याच्याच विरुद्ध ती नोंद वापरली गेली! या इतिहासातील पहिली टीका ही अशी तज्ज्ञांनी पालकांवर, आणि त्यातही विशेषेकरून मातांवर, केलेली आहे.

हा आरोप लोकांच्या मनात रुजविण्याचे काम शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांनी केले. हे गृहस्थ १९४४ पासून १९७३ पर्यंत शिकागो विद्यापीठाच्या ऑर्थोजेनिक शाळेचे संचालक होते. व्हिएन्नातील त्यांची डॉक्टर ही पदवी वैद्यकातील नव्हती. १९३८-३९ मध्ये त्यांनी दाखाउ व बुखेनवाल्ड येथील छळछावण्या भोगल्या होत्या. आणि १९६७ च्या ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ या ग्रंथात त्यांनी आत्ममग्न मुलाच्या स्थितीची तुलना छावणीतील कैद्याच्या स्थितीशी केली. या तुलनेत पहारेकऱ्याची जागा कोणाच्या वाट्यास आली हे वेगळे सांगावयास नको. ग्रंथाची शैली आकर्षक होती आणि ग्रंथकाराच्या दुःखभोगामुळे त्याच्या शब्दाला नैतिक वजन होते. पुरावा तेवढा दुबळा होता. १९९० मध्ये बेटलहाइम यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या शाळेत राहिलेल्या काही जणांनी तेथे मारहाण होत असे असे उघडपणे लिहिले, आणि १९९७ च्या रिचर्ड पोलॅक यांच्या चरित्रग्रंथाने त्यांच्या कीर्तीचा पाया खणून काढला. लहानपणी ज्यांना त्या शाळेत ठेवले गेले, त्यांना बोलण्यास संचालक दिवंगत होईपर्यंत थांबावे लागले, हा तपशील इतिहासकाराने नजरेआड करू नये.

मातांवरील आरोप परतविला तो अमेरिकन नौदलात मानसशास्त्रज्ञ असलेल्या बर्नार्ड रिमलँड यांनी. त्यांचा मुलगा स्वमग्न होता. उपलब्ध शास्त्रीय वाङ्मयाचा एकूण एक कागद चाळून त्यांनी १९६४ मध्ये ग्रंथ सिद्ध केला, आणि आईच्या वागण्याने ही अवस्था उद्भवते या मतास पुराव्याचा आधार नाही असे दाखवून दिले. प्रस्तावना खुद्द कॅनर यांची होती. ग्रंथाच्या शेवटी रिमलँड यांनी एक प्रश्नावली जोडली होती. गावोगावचे पालक ती भरून त्यांच्याकडे पाठवू लागले. आणि त्या पत्रव्यवहाराच्या पाठोपाठ १९६५ मध्ये अमेरिकेतील पालकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. १९६९ मध्ये या संघटनेच्या सभेत कॅनर यांनी पालकांना जाहीरपणे दोषमुक्त केले. ज्याने आरोपास शब्द पुरविला त्यानेच तो मागे घेतला, असे प्रसंग विद्येच्या इतिहासात फार नाहीत.

येथे रिमलँड यांची कथा संपली असती तर ती बोधकथा झाली असती. तशी ती संपली नाही. मातांना मुक्त करणारे हेच रिमलँड उतारवयात लसींतील पाऱ्यावर व लसींवर संशय घेणाऱ्यांच्या पंक्तीस जाऊन बसले. एका खोट्या कारणाचा निरास केल्याने माणूस दुसऱ्या खोट्या कारणापासून सुरक्षित होतोच असे नाही.

लसींविषयीच्या वादाचे मूळ सर्वश्रुत आहे. फेब्रुवारी १९९८ मध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफील्ड व त्यांचे सहकारी यांचा बारा मुलांवरील निबंध प्रसिद्ध झाला, आणि त्यावरून गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या एकत्रित लसीचा स्वमग्नतेशी संबंध असल्याचा बोभाटा झाला. ब्रिटनमध्ये ही लस घेणाऱ्या बालकांचे प्रमाण पुढील पाच-सहा वर्षांत सुमारे ८० टक्क्यांपर्यंत घसरले. डेन्मार्कमधील पाच लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवर आधारलेल्या २००२ च्या अभ्यासात असा कोणताही संबंध आढळला नाही. ब्रायन डीअर या वार्ताहराने २००४ पासून प्रसिद्ध केलेल्या शोधात असे उघड केले की, लसउत्पादकांविरुद्ध दावा लढविणाऱ्या वकिलाकडून वेकफील्ड यांना पैसे मिळाले होते आणि मुलांच्या मूळ वैद्यकीय नोंदी निबंधातील विधानांशी जुळत नव्हत्या. फेब्रुवारी २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने निबंध मागे घेतला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात वेकफील्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढून टाकण्यात आले. तरीही हा आरोप मेला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने, आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी यांच्या कारकिर्दीत, लसींमुळे स्वमग्नता होत नाही या आपल्याच जुन्या विधानास पुराव्याचा आधार नाही असे जाहीर केले. यावर जगभरच्या वैद्यकीय संघटनांनी केलेली टीका योग्यच होती असे आमचे मत आहे.

या ठिकाणी यवतमाळची एक घटना आठवणे अपरिहार्य आहे. ३१ जानेवारी २०२१ रोजी घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी येथे पोलिओच्या थेंबांऐवजी हात स्वच्छ करण्याचे द्रव्य मुलांना पाजले गेले. तीही बाराच मुले होती. ती रुग्णालयात दाखल झाली, बरी झाली, चौकशी झाली, आणि केंद्रावरील कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. लंडनमध्ये नसलेला दोष बारा मुलांच्या आधारे दाखविला गेला व त्याची भीती खंडांतरे ओलांडून गेली; घाटंजीत असलेला दोष बारा मुलांवर प्रत्यक्ष घडला, आणि दोन-चार दिवसांची बातमी होऊन विरला. यातून एवढे तरी दिसते की, विदर्भातील आईबापांच्या मनात लसीकरणाविषयी धास्ती असेल तर तिचे मूळ ‘लॅन्सेट’मध्येच शोधण्याचे कारण नाही, ते जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही असू शकते.

टीकेचा आणखी एक थर राहिला. तो म्हणजे स्वमग्न व्यक्तींनीच केलेली टीका. १९९३ मध्ये जिम सिंक्लेअर यांनी पालकांना उद्देशून, आमच्यासाठी शोक करू नका, अशा आशयाचे निवेदन केले. २००६ मध्ये आरी नेमन व त्यांचे सहकारी यांनी स्वमग्नांची स्वतःची संघटना स्थापिली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क विद्यापीठाच्या एका बालमानसकेंद्राने ही अवस्था म्हणजे मुलांचे अपहरण करणारा दरोडेखोर होय अशी कल्पना करून खंडणीच्या चिठ्ठ्यांच्या रूपात जाहिराती लावल्या. या संघटनेच्या पत्रमोहिमेपुढे त्या तीन आठवड्यांच्या आत उतरविणे त्या केंद्रास भाग पडले. २००५ मध्ये स्थापन झालेल्या ‘ऑटिझम स्पीक्स’ या बलाढ्य संस्थेवरील टीका तर अधिक दीर्घकाळ चालली. २००९ मधील तिच्या एका चित्रफितीत स्वमग्नतेला संसार मोडणाऱ्या राक्षसाचा आवाज दिला होता. संस्थेच्या समित्यांवर काम करणारे स्वमग्न लेखक जॉन एल्डर रॉबिसन यांनी २०१३ मध्ये राजीनामा दिला. २०१५ च्या अखेरीस संचालक मंडळावर प्रथमच स्वमग्न व्यक्ती आल्या आणि २०१६ मध्ये संस्थेच्या ध्येयवाक्यातून ‘बरे करणे’ हा हेतू गळाला.

या टीकेस प्रत्युत्तरही मिळाले आहे, आणि ते क्षुल्लक नाही. ज्या मुलास बोलता येत नाही, ज्याला आयुष्यभर रात्रंदिवस सांभाळावे लागते, त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार सुशिक्षित, बोलक्या स्वमग्नांना कोणी दिला, असे अनेक पालक विचारतात. ‘लॅन्सेट’च्याच एका आयोगाने २०२१ मध्ये अशा व्यक्तींसाठी ‘गाढ स्वमग्नता’ अशी वेगळी संज्ञा सुचविली, तीवरही पुन्हा वाद झाला. आमच्या मते दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे; परंतु इतिहासकाराच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, प्रत्येक पिढीतील टीकाकार हा पुढील पिढीच्या टीकेचा विषय झाला. तज्ज्ञांना पालकांनी जाब विचारला, पालकांच्या संस्थांना मुलांनी. आणि मृतांनाही यातून सूट मिळालेली नाही. हान्स अस्पर्गर यांचे निधन १९८० मध्ये झाले. पुढे त्यांच्या नावाने एक निदानही रूढ झाले. २०१८ मध्ये हेरविग चेक यांनी व्हिएन्नाच्या अभिलेखागारातील रुग्णपत्रांवरून दाखविले की, नाझी राजवटीत जेथे मुलांना ठार मारले जाई त्या श्पीगेलग्रुंड येथे निदान दोन मुलींना पाठविण्याची शिफारस त्यांनी केली होती. पाऊणशे वर्षांनी न्याय झाला तो कागद शिल्लक होता म्हणून.

आता भारताकडे वळू. आपल्याकडे या विषयातील संघटित टीका पालकांनी राज्यसंस्थेवर केली. दिल्लीत १९९१ मध्ये मेरी बरुआ यांनी ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था काढली. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात सात प्रकारची अपंगत्वे गणली गेली. त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने तिचे नाव प्रथमच भारतीय कायद्यात आणले. मात्र या कायद्याच्या तेराव्या कलमात एक गंमत आहे, आणि तिच्याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. प्रत्येक जिल्ह्यासाठी स्थानिक स्तर समिती नेमावयाची; तीत जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी व एक अपंग व्यक्ती असावी, आणि ही अपंग व्यक्ती १९९५ च्या व्याख्येनुसार अपंग असावी! म्हणजे स्वमग्नांच्या हितासाठी नेमलेल्या समितीवर, अन्य अपंगत्व नसल्यास, स्वमग्न माणूसच अपंग म्हणून बसू शकत नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकार आले व हा अधिनियम एप्रिल २०१७ मध्ये अमलात आला, तोपर्यंत शब्दशः हीच स्थिती होती.

महाराष्ट्रातील अलीकडचा मोठा वाद उपचारांविषयी आहे. मूलपेशींच्या उपचाराने स्वमग्नता सुधारते अशा जाहिराती करून पालकांकडून मोठ्या रकमा घेण्याचा व्यवसाय देशात फोफावला होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा वापरास मान्यता नव्हती. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमंडळानेही २०२२ मध्ये तो अमान्य ठरविला. तरी व्यवसाय थांबला नाही. अखेर मुंबईच्या यश चॅरिटेबल ट्रस्टने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. जानेवारी २०२६ मध्ये न्यायालयाने, मान्यताप्राप्त संशोधन-चाचणीबाहेर हा उपचार रुग्णसेवा म्हणून देता येणार नाही, असा निर्णय दिला. ही संस्था तरुण दिव्यांगांसमवेत काम करणारी आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. डॉक्टरांवरील टीका डॉक्टरांच्याच संस्थांनी कागदावर केली होती. ती अमलात आणविण्यासाठी दुसऱ्याच कोणाला न्यायालयाचे दार ठोठवावे लागले.

मुंबई-पुण्यात असे दार ठोठावणाऱ्या संस्था आहेत. सोळा तालुक्यांचा आणि २०११ च्या गणनेनुसार २७,७२,३४८ लोकसंख्येचा यवतमाळ जिल्हा मात्र या इतिहासात कोठे बसतो? त्या गणनेच्या प्रपत्रात अपंगत्वाचे आठ रकाने होते; स्वमग्नतेचा रकाना त्यांत नव्हता. कळंबच्या वा झरी जामणीच्या एखाद्या स्वमग्न मुलाची गणना झालीच असेल तर ती ‘मतिमंदत्व’, ‘मनोरुग्णता’, ‘वाचा’ अथवा ‘इतर’ यांपैकी कशात तरी विरघळली. बालकांतील मेंदूविकासाच्या विकारांची भारतातील मोठी पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात पाच ठिकाणची ३,९६४ मुले तपासली होती. मराठी भाषकांच्या जवळचे त्यातील ठिकाण म्हणजे उत्तर गोवा. विदर्भातील एकही नव्हते. भारतीय कुटुंब आणि स्वमग्नता यांवरील शुभांगी वैद्य यांचा २०१६ चा मोलाचा ग्रंथ नावाप्रमाणेच नागर कुटुंबांचा आहे.

प्रमाणपत्राची वाटही पाहण्यासारखी आहे. केंद्र शासनाने स्वमग्नतेच्या प्रमाणपत्राची रीत एप्रिल २०१६ मध्ये अधिसूचित केली. त्यासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झालेली ४० प्रश्नांची मोजपट्टी वापरतात. प्रत्येक प्रश्नास एक ते पाच गुण. ७० च्या खाली स्वमग्नता नाही, १०६ पर्यंत सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. ही मोजपट्टी वापरण्यास प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ हवा, मंडळावर मनोविकारतज्ज्ञ हवा, बालरोगतज्ज्ञ हवा. जेथे हे तिघे एका टेबलाशी सहज जमत नाहीत तेथे मूल नोंदीबाहेर राहते. आणि ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र नाही तर आरक्षण नाही, पालकत्वाचा अर्ज लंगडा, संघटना बांधण्यास सभासदांची यादीही नाही. अपंगांच्या चळवळीला विदर्भात नेते लाभले नाहीत असे नव्हे. अचलपूरच्या बच्चू कडूंनी मोझरीच्या जून २०२५ च्या उपोषणात शेतकऱ्यांच्या कर्जमाफीसोबत दिव्यांगांच्या मानधनाचीही मागणी धरली होती. परंतु मानधन मागण्यासाठी आधी दिव्यांग म्हणून गणले जावे लागते.

एक इशारा संशोधक विद्यार्थ्यांना द्यावासा वाटतो. नोंद नाही म्हणून जुन्या ग्रंथांतून स्वमग्न माणसे शोधून काढण्याचा मोह होतो. आपल्या शेजारच्या ऋद्धिपुरच्या श्रीगोविंदप्रभूंच्या लीळांतील अलौकिक वर्तनाकडे कोणी या दृष्टीने पाहील, हे अगदीच अशक्य नाही. महानुभावांच्या दृष्टीने त्या ईश्वराच्या लीळा होत. म्हाइंभटांनी त्या त्याच भावनेने लिहून ठेवल्या. त्यांवर विसाव्या शतकातील निदानाचा शिक्का मारल्याने ना लीळांचा अर्थ उलगडतो, ना कळंबच्या मुलाचा.

त्यापेक्षा एक साधे साधन हाताशी आहे. १९९९ च्या कायद्यानुसार अठरा वर्षांवरील स्वमग्न, मतिमंद, मेंदूच्या पक्षाघाताने अथवा बहुविकलांगतेने ग्रस्त व्यक्तीचे पालकत्व स्थानिक स्तर समितीकडे मागता येते. ते मिळाल्यावर पालकाने सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यावयाची असते आणि पुढे दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब सादर करावयाचा असतो. यवतमाळसारख्या जिल्ह्यात ही मालमत्ता म्हणजे बहुधा सात-बाराच्या उताऱ्यावरील कोरडवाहू शेतीचा तुकडा. अशा अर्जांत आईबाप आपल्या मुलाविषयी आपल्या शब्दांत चार ओळी लिहितात, भावांच्या संमती जोडतात, आमच्या मागे याचे काय, हे विचारतात. हे अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाच्या दप्तरात असावयाचे, आणि शासकीय दप्तर ठराविक मुदतीनंतर निकालात काढले जाते. ज्या विद्यार्थ्यास या विषयावर प्रबंध लिहावयाचा असेल त्याने अमरावतीच्या ग्रंथालयापूर्वी यवतमाळच्या कचेरीत जावे, माहितीच्या अधिकाराखाली २००० पासूनच्या अर्जांची संख्या मागावी, आणि नावे झाकून त्यांच्या प्रती काढून ठेवाव्यात.